लाल ट्रक आभाळात कसा गेला, त्याचा खुलासा

क्राल्येवो,
गुरुवार, सप्टेंबरअखेर
(देसांकाच्या हिशेबानं, मिरच्या भाजण्याचा पाचवा दिवस)

आदरणीय कुम रादिसाव, वयानं माझ्याहून तीन वर्षांनी आणि हट्टानं निदान तीस वर्षांनी मोठा असलेल्या तुला,

धाकट्या व्हिटोमिरचा कंबर जितकी वाकते तितका वाकून नमस्कार. (ती हल्ली फारशी वाकत नाही, तेव्हा उरलेला नमस्कार उभ्या उभ्या केला असं समज.) तुझा नवा खुबा कसा आहे? यास्ना म्हणाली की तो धातूचा आहे आणि विमानतळावर शिट्टी मारील. ज्या वाहनाचा ड्रायव्हर दिसत नाही त्यात तिचा बाप बसत नाही, हे लेकीला इतक्या वर्षांत कळू नये याचं आश्चर्य वाटतं. तिला आशीर्वाद सांग. जावईबापू गुन्नार यांनाही नमस्कार, आणि त्यांनी पाठवलेला आंबवलेल्या माशाचा डबा आम्ही फार जपून ठेवला आहे म्हणावं. (तो दिवसेंदिवस फुगतो आहे. कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवला, तर कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. हे मात्र त्यांना सांगू नकोस.) इकडे सगळं ठीक. माझा गुडघा रेडिओच्या आधी पाऊस सांगतो, आमच्या सौ. देसांकाची प्रकृती उत्तम आहे, म्हणजे सकाळपासून बोलते आहे, आणि अंगणात चाळीस किलो लाल मिरच्या भाजायच्या पडल्या आहेत. सगळ्या गल्लीत आय्वारच्या चटणीचा वास सुटला आहे. तुला तिकडे माल्मोत बसून हे वाचताना तोंडाला पाणी सुटावं म्हणूनच लिहितो आहे.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तू त्या संगणकावरच्या खेळात आरील्येच्या पेट्रोल पंपावर ट्रक लावून माझी वाट बघत होतास. इंजिन चालू, दिवे चालू, आणि असा तासभर. मी आलो नाही. अकरा वाजता तुझा निरोप आला, "समजलं. राहू दे मग." फक्त चार शब्द! त्या चार शब्दांनी मला रविवारचं जेवण गोड लागलं नाही. (सार्मा दोनदाच घेतला.) तुला वाटलं, व्हिटोमिर अजून फुगलेला आहे आणि मुद्दाम आला नाही. कुमा, देवाशपथ सांगतो, तसं काही नव्हतं. मी पावणेदहापासून इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगमागे बसलो होतो. पण माझा ट्रक आभाळात होता. हे तुला थाप वाटेल, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि ऐकत कुणीच नाही.

तुला तसं वाटायला जागा होती, हे मी कबूल करतो. गेल्या मित्रोवदानला, आमच्या घराच्या संताच्या दिवशी, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तू आला नाहीस. आता स्लावेला कुणी कुणाला बोलावत नसतं, ज्याचं घर आहे तो आपणहून येतो. आणि 'का आला नाहीस' असं मागाहून विचारणं म्हणजे उशिरा दिलेलं आमंत्रणच की! म्हणून मी तोंडाला कुलूप लावून बसलो. माझ्या लग्नात कुम म्हणून माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला, माझ्या मुलीचं नाव ठेवणारा, एकोणीस वर्षं माझ्याबरोबर ट्रकच्या एका केबिनमध्ये आळीपाळीनं घोरलेला माणूस येत नाही म्हणजे काय? तू त्या दिवशी खुबा बदलून घेत टेबलावर पडला होतास, आणि दुसऱ्याच्या सणावर विरजण नको म्हणून कळवलं नाहीस, हे मला जुलैत यास्नाकडून कळलं. कळल्याबरोबर मी फोन करायला हवा होता. केला नाही. लाज वाटली, कुमा, आणि मला लाज वाटली की मी रागावल्यासारखा दिसतो. चेहराच तसा आहे.

मग ऑगस्टमध्ये तुझं खोकं आलं. त्यात स्टिअरिंगचं चाक, पेडल, खेळ आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. नुसता खेळ लावून बघितला तर त्यातले ट्रक दवाखान्यातल्या पलंगासारखे, चकचकीत आणि मुके. रस्ते सगळे जर्मनांचे, कुठे खड्डा म्हणून नाही. पण तू लिहिलं होतंस की लोकांनी हौसेनं केलेल्या जोडण्या मिळतात, त्यांना मॉड म्हणतात, आणि त्या घातल्या की खेळ आपला होतो. तू सहा नावं दिली होतीस. पाऊस, इंजिनाचा आवाज, रेडिओवरची ट्रम्पेटची गाणी, रस्त्यावरच्या इतर गाड्यांचा ताफा, आपल्याकडचे जुने रस्ते, आणि सगळ्यात शेवटी आपण चालवायचो तसा एक लाल ट्रक. खाली लाल शाईत लिहिलं होतंस, 'याच क्रमानं लाव. तुझी यादी माझ्या यादीशी जुळली नाही तर खेळ तुला माझ्या रस्त्यावर घेणार नाही. आणि व्हिटोमिर, स्वतःचं डोकं चालवू नकोस.' हे शेवटचं वाक्य लिहिलं नसतंस तर मी कदाचित चालवलंही नसतं.

पहिल्यांदा मी ते सहाही मॉड हातानं खेळाच्या फोल्डरमध्ये टाकले, आपण रासबेरीची खोकी टाकायचो तसे, एकावर एक. खेळ काळा पडला आणि उघडेना. मग कळलं की यासाठी मॅनेजर लागतो. कुमा, माझ्या आयुष्यात मी एकच मॅनेजर पाहिला, आपल्या कंपनीतला स्पासोये, आणि त्यानं बारा वर्षांत टेबलावरचा पेला सोडून काही हलवलं नाही, तेव्हा माझ्या अपेक्षा फार नव्हत्या. पण हा मॅनेजर म्हणजे एक प्रोग्रॅम असतो. तो मॉड वेगळे सांभाळतो, मूळ खेळाला हात न लावता वरून रचतो, आणि नको वाटलं तर एक खूण काढली की मॉड बाहेर. असे मॅनेजर पुष्कळ आहेत, आणि नवख्यानं कोणता घ्यावा, हे मी 'वाकडा अक्रोड' काफानात प्यायला बसलेल्यांना विचारलं, ही माझी पहिली चूक. जनावरांचा डॉक्टर मिलोये म्हणाला, जो सगळ्यात जास्त बटणं दाखवतो तो घे, म्हणजे काही लपवत नाही. पोस्टातला ड्रागोल्युब म्हणाला, बटणं दाखवणारा माणूस आणि प्रोग्रॅम दोघंही फसवे, ज्याला एकच बटण आहे तो घे. तासाभरात तीन टेबलांवर दोन पक्ष पडले, मालकानं खुर्च्या आत घेतल्या. मग कळलं की दोघांच्याही घरी संगणक नाही.

शेवटी मी माझ्या बुद्धीनं निवडला. त्या प्रोग्रॅमच्या पानावर तो बनवणाऱ्याचा फोटो होता, आणि त्या माणसाला आपल्या चाच्चाकच्या मेकॅनिकसारख्या मिशा होत्या. अशा मिशांचा माणूस खोटा बोल्ट लावत नाही. (सोबत चाळीस पानांचं माहितीपत्रक होतं, त्यावर 'आधी हे वाचा' असं लिहिलं होतं. मी ते नंतर वाचायला ठेवलं.) आणि खरंच सांगतो, मॅनेजर गुणी निघाला. सहाही मॉड एका रांगेत, एकाखाली एक, प्रत्येकासमोर नंबर. बोटानं धरून वर-खाली ओढता येतात. ती रांग बघितली आणि माझ्या अंगात वीज संचारली, कारण ही रांग मला ओळखीची होती. कुमा, मी एकतीस लग्नांत वऱ्हाडाचा म्होरक्या होतो. कोण कुठे बसायचं, कुणाच्या आधी कुणाला वाढायचं, यात माझ्याकडून आजवर एक चूक झालेली नाही. (मोराव्यातल्या लग्नात जी मारामारी झाली ती डुकराच्या तुकड्यावरून झाली, जागेवरून नव्हे.) आणि तुझी यादी बघितली तर पाऊस मानाच्या पहिल्या जागी! ज्या ट्रकनं दोन घरं पोसली, तुझ्या यास्नाचं आणि माझ्या मुलीचं शिक्षण केलं, तो शेवटी दाराशी, चपलांजवळ! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मनात म्हटलं, माल्मोला जाऊन हा माणूस मानपान विसरला.

म्हणून मी क्रम सुधारला. ट्रक पहिल्या पाटावर. त्याच्या खाली रस्ते, कारण ते वयोवृद्ध. मग ट्रम्पेट, मग इंजिनाचा आवाज, मग ताफा (ही सगळी ओळखीची, पण लांबची माणसं), आणि पाऊस अगदी शेवटी, कारण तो न विचारता येतो आणि सगळ्यांचे कपडे खराब करतो. मॅनेजरनं रस्ते आणि पाऊस यांच्यापुढे लाल खूण केली, 'या दोघांत संघर्ष आहे.' मला हसू आलं. भांडणारी दोन घराणी एका टेबलावर कशी बसवायची, हे मला तो मिशीवाला शिकवणार! मी मध्ये ट्रम्पेट बसवले आहेत म्हटलं, ऐकू येणार नाही एकमेकांचं. खूण तशीच राहिली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, जसं लग्नात विहिणीच्या रुसव्याकडे करतात. आधी चालवूनही बघितलं नाही, कारण वऱ्हाडाची तालीम कुणी घेतं का?

रविवारी पावणेदहाला खेळ उघडला आणि तुझ्या रस्त्यावर यायचं बटण दाबलं. पाटी आली, 'आपली यादी यजमानाच्या यादीशी जुळत नाही.' एकोणीस वर्षांत आपल्या ट्रकचं दार माझ्या तोंडावर कुणी बंद केलं नव्हतं. घाईघाईत एकट्यानं गाडी काढून बघितली, काय बिघडलंय ते कळावं म्हणून. तर काय बघतो! रस्ता नाही. जमीन नाही. चारी बाजूंनी करडं आभाळ आणि त्यात धो धो पाऊस, आणि मध्ये अधांतरी मी. आरशात बघितलं तर ट्रक लाल नाही, पांढरा, आणि त्यावर गाईचं चित्र. म्हणजे मी दुधाचा टँकर झालो होतो! धीर यावा म्हणून रेडिओ लावला, तर त्यातून इंजिनाची घरघर यायला लागली. त्या अवस्थेत मी ॲक्सिलरेटर दाबून पाऊण तास आरील्ये शोधत होतो, कुमा. खाली कुठेतरी तू उभा असशील म्हणून हॉर्नही वाजवला.

अकराला तुझा निरोप आला. देसांका मिरच्या ढवळण्याचं लाकडी फावडं हातात घेऊन आत आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "फोन कर त्याला."

"नाही."

"का नाही?"

"काय सांगू? मी आभाळात होतो म्हणून?"

"तू कधी जमिनीवर होतास? कर म्हणते ना!"

मी केला नाही. मग तिनं माझ्या खुर्चीच्या पाठीवर फावडं टेकवलं (शर्टावर अजून डाग आहे), पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "ही रांग काय आहे?" मी मानाच्या जागांचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तुला माहीतच आहे, तिनं बावीस वर्षं बाजारातल्या मिठाईच्या दुकानात थराथरांचे तोर्ते केले आहेत. ती म्हणाली, "व्हिटोमिर, तोर्त्यावर सगळ्यात शेवटी काय लावतात?"

"चॉकलेट."

"मग दिसतं काय?"

"चॉकलेटच."

"आणि तळाला अक्रोडाचा थर कितीही मानाचा असला, तरी तो दिसतो का? तू ट्रक तळाला घातलास, त्यावर गावभरच्या गाड्या रचल्यास आणि वरून पाऊस ओतलास. आता ट्रक दिसत नाही म्हणून रडतोस. रादिसावनं बरोबर लिहिलं होतं. ही पंगत नाही, तोर्ता आहे. शेवटी जो येतो त्याचं चालतं."

मी म्हटलं, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? तिनं मिशीवाल्याचं ते माहितीपत्रक उघडलं. पहिल्याच पानावर पहिल्याच ओळीत होतं. (आय्वार मात्र तोवर तळाला लागला, आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.)

काल बुधवारी मी तुझ्या क्रमानं सगळं लावलं, ट्रक शेवटी, आणि एकटाच निघालो. कुमा, खाली जमीन होती. खड्डे होते. रेडिओवर ट्रम्पेट वाजत होते आणि काचेवर पाऊस होता, पण बेताचा, शिस्तीत. आणि ट्रक लाल होता. नुसता लाल नाही, डाव्या मडगार्डवर तो पोचा, जो त्रिएस्तला मी पाडला आणि कंपनीला आपण गाढवानं लाथ मारली म्हणून सांगितलं. सीटवर देसांकानं विणलेल्या दोन उशा, तुझी निळी आणि माझी हिरवी. मी गाडी बाजूला घेतली. खेळात घेतली आणि खुर्चीतही जरा मागे सरकून बसलो. हा पोचा जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे. मग मी मॅनेजर उघडला आणि ज्या रकान्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं, त्यात बघितलं. निर्माता, रादिसाव. पहिली आवृत्ती जानेवारीची, आत्ताची तेविसावी. म्हणजे मी इथे गाल फुगवून बसलो होतो तेव्हा तू तिकडे अंथरुणात पडून माझी उशी विणत होतास, टाका टाका मोजत. आणि तो ट्रक शेवटी ठेवायला का सांगितलंस, तेही कळलं. वरून कुणी झाकू नये म्हणून. मला रडू आलं, लपवत नाही. देसांकाला मिरच्यांच्या धुरानं असं सांगितलं. तिनं मान डोलावली, पण चूल तेव्हा विझलेली होती.

आणि मग आठवलं की स्लावेलाही तू नेहमी शेवटीच यायचास. माल्मोची बस संध्याकाळी, सगळे जेवून ढेकर देत असताना तू बॅग घेऊन दारात, आणि मी दर वर्षी मनात म्हणायचो, या माणसाला वेळेचं भान नाही. पण खरं सांगू? तू आलास की मगच मला सण सुरू झाल्यासारखा वाटायचा. तोवर मी नुसता वाढत असायचो. ही गोष्ट मी अठ्ठावीस वर्षांत बोललो नव्हतो, ती एका दुधाच्या टँकरनं बोलायला लावली. माझी चूक झाली, कुमा. क्रमाचीही आणि त्या नऊ महिन्यांचीही.

तेव्हा येत्या रविवारी दहाला आरील्येच्या पंपावर. रासबेरी भरून ठेव, पहिली चार तासांची पाळी माझी. वडीलधाऱ्यांना नमस्कार, मांजराला माशाचा डबा.

तुझा, सध्या जमिनीवर असलेला,
व्हिटोमिर

ता.क. मिलोये आणि ड्रागोल्युब यांनी काफानात आता असं पसरवलं आहे की मॅनेजर त्यांनीच सुचवला. पण तू आल्यावर, म्हणजे कधी इकडून गेलास तर, त्यांना खरं काय ते सांग.

दुसरा ता.क. मी तुला बोलावत नाही. आपल्यात बोलावत नाहीत, आणि मी काही स्वीडिश झालेलो नाही. फक्त सहज माहितीसाठी कळवतो की मित्रोवदान या वर्षीही आठ नोव्हेंबरलाच आहे, माल्मोची बस अजून संध्याकाळी पाच चाळीसला येते (आज स्टँडवर सहज गेलो होतो, तेव्हा विचारलं), आमच्या पायऱ्यांना मी कठडा बसवून घेतला आहे (तो माझ्या गुडघ्यासाठी, गैरसमज नसावा), आणि दाराला कडी नसते. हे सगळं वाचून तुला काही वाटलं तर तो तुझा प्रश्न.

तिसरा ता.क., देसांकाच्या हातानं. कुमा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून उघडून वाचलं. यातलं बहुतेक खरं आहे. एवढंच लिहायचं राहिलं की गेल्या वर्षी तुमची खुर्ची यांनी कुणालाच दिली नाही, पाद्र्यालासुद्धा नाही, तो बिचारा स्टुलावर बसला. आणि आज सकाळी यांनी 'एवढ्या मेहनतीचा ट्रक शेवटी बरा दिसत नाही' म्हणून तो पुन्हा पहिल्या नंबरवर नेला होता. मी परत खाली आणला आहे, रविवारी दहापर्यंत मी त्यांच्या शेजारीच बसते. मीही तुम्हाला बोलावत नाही. पण मित्रोवदानला अक्रोडाचा तोर्ता करणार आहे, आणि त्यावरचा चॉकलेटचा थर मी पाच चाळीसच्या बसनंतरच लावणार आहे.